दिवसाला बारा हजार वेळा : रशियन गूढवादाची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलतानाची भाषा फारशी बदललेली नाही.)

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

आजची सुरुवात एका छोट्याशा यंत्रापासून. तुम्ही ते बघितलं असेल. बोटात अंगठीसारखं घालायचं, वर एक बटण, दाबलं की आकडा एकाने वाढतो. लोकलमध्ये, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत एखाद्या काकूंच्या बोटात दिसतं. ओठ हलत असतात आणि अंगठा टिक टिक करत असतो. जप मोजायचं यंत्र. आता तर त्याची ॲप्सही आली आहेत.

हे डोळ्यांसमोर ठेवा आणि माझ्याबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या रशियात या.

एक माणूस चालत चाललाय. पाठीवर पिशवी. पिशवीत वाळलेल्या पावाचे तुकडे आणि एक बायबल, बस. डावा हात अधू, त्यामुळे कष्टाचं काम होत नाही. एक दिवस तो चर्चमध्ये गेला आणि तिथे त्याच्या कानावर एक उपदेश पडला, की अखंड प्रार्थना करा. बाकीचे लोक ऐकून घरी गेले. हा मात्र तिथेच अडकला. अखंड म्हणजे काय? माणसाला जेवायचं असतं, झोपायचं असतं, कामं असतात. अखंड कसं जमणार?

हे विचारत तो गावोगाव हिंडला. अनेकांनी प्रार्थना किती चांगली असते यावर प्रवचनं दिली, पण ती करायची कशी ते कुणी सांगेना. शेवटी एक वृद्ध साधू भेटला. त्याने हातात जपमाळ दिली आणि सांगितलं, येशूचं नाव घे आणि माझ्यावर दया कर असं म्हण. दिवसाला ३,००० वेळा. काही दिवसांनी ६,०००. मग १२,०००. आणि मग, तो यात्रेकरू सांगतो, एक दिवस मोजायची गरजच उरली नाही. ओठ थांबले तरी आत नाव चालूच. हृदयाच्या ठोक्याबरोबर.

१८८० च्या दशकात कझान शहरात छापलेलं हे पुस्तक. लेखकाचं नाव त्यावर नाही. इंग्रजीत ते ‘द वे ऑफ अ पिल्ग्रिम’ म्हणून गाजलं. अमेरिकन लेखक सॅलिंजर यांच्या ‘फ्रॅनी अँड झूई’मधली कॉलेजातली मुलगी हेच पुस्तक पर्समध्ये घेऊन फिरते आणि त्यातला जप करायला लागते. म्हणजे कझानहून निघालेला यात्रेकरू १९६० च्या आसपास अमेरिकन तरुणांच्या हातात पोचला होता.

आता तुम्ही म्हणाल, अरे, हे तर आपलं नामस्मरण! थांबा. घाई नको. साम्य आहे, दिसतंच आहे. पण साम्य दिसलं की ‘सगळं शेवटी एकच’ असं म्हणून आपण विषय बंद करतो आणि समोरच्या माणसांची खरी गोष्ट ऐकायची राहून जाते. आज ती गोष्ट ऐकूया.

आणखी एक खुलासा. रशियन गूढवाद म्हटलं की आपल्याकडे काहींना मादाम ब्लाव्हात्स्की आठवतात. बरोबर आहे. त्या १८७९ मध्ये मुंबईत आल्या, त्याच वर्षी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक इथूनच सुरू झालं, आणि १८८२ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. पण तो प्रवाह वेगळा. तो निरनिराळ्या देशांतून गोळा केलेला होता. आज आपण बोलणार आहोत ते रशियाच्या स्वतःच्या मठांमधून उगवलेल्या विचाराबद्दल.

आणि पूर्ण भागभर एक प्रश्न खिशात ठेवा. माणसाला आत काही तरी दिसलं, जाणवलं, असं तो म्हणतो. ते खरं की खोटं, हे बाहेरच्यांनी कसं ओळखायचं?

मुळं कुठे आहेत?

मुळं रशियात नाहीतच. ती आहेत ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावर. समुद्रात घुसलेला एक डोंगराळ सुळका, त्यावर मठच मठ. तिथल्या साधूंची एक साधना होती. तिचं नाव आलंय ‘हेसिखिया’ या ग्रीक शब्दावरून. अर्थ निःशब्दता, आतली शांतता. एका जागी बसायचं, श्वास संथ करायचा, मन डोक्यातून हृदयात उतरवायचं आणि ती छोटी प्रार्थना म्हणत राहायची. हे साधू म्हणत, असं केल्यावर देवाचा प्रकाश दिसतो.

चौदाव्या शतकात यावर मोठं भांडण झालं. बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची टिंगल केली, की हे बेंबीकडे बघत बसणारे लोक! देव कधी डोळ्यांना दिसतो का? साधूंच्या बाजूने ग्रेगरी पालामास उभा राहिला. त्याचं म्हणणं साधारण असं : देव मुळात काय आहे, हे माणसाला कधीच कळणार नाही. पण देवाची शक्ती, त्याचं तेज आपल्यापर्यंत पोचतं. सूर्याच्या पोटात कुणी शिरू शकत नाही, पण उन्हात बसता येतं ना? तसं.

हे भांडण पालामासने जिंकलं. आणि इथून पुढच्या रशियन विचाराचा पाया पडला. सत्य हे डोक्याने सोडवायचं गणित नाही, ते भेटण्याची गोष्ट आहे.

ही साधना रशियात नेणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे नील सोर्स्की, पंधराव्या शतकातला. तो अ‍ॅथोसला राहून आला आणि उत्तरेच्या जंगलात सोरा नदीकाठी झोपडी बांधून राहिला. त्या काळी रशियन मठांकडे गावंच्या गावं होती, शेतं होती, राबणारी माणसं होती. नील म्हणाला, साधूने स्वतःच्या कष्टाने जगावं, गावांची मालकी कशाला? हा वाद तो हरला. मठांनी जमिनी सोडल्या नाहीत. पण त्याच्या शिष्यपरंपरेने आणखी एक भूमिका घेतली, ती लक्षात ठेवा. ज्यांना चर्च पाखंडी ठरवतं त्यांना ठार मारू नका, असं ते म्हणत होते. आणि स्वतः नीलने मृत्युपत्रात काय लिहिलं? माझं शरीर रानात टाका, पशुपक्ष्यांना खाऊ दे.

पुढे ही परंपरा जवळजवळ आटली. ती पुन्हा वाहती झाली एका पुस्तकामुळे. १७८२ मध्ये व्हेनिसला ‘फिलोकालिया’ नावाचा ग्रीक ग्रंथ छापला गेला. हेसिखियाच्या साधूंचं हजारभर वर्षांचं लेखन त्यात एकत्र केलेलं होतं. पोल्ताव्हात जन्मलेल्या पैसी वेलिच्कोव्हस्की या साधूने मोल्दाव्हियातल्या मठात बसून यातल्या लेखनाचं स्लाव भाषेत भाषांतर केलं. १७९३ मध्ये ते मॉस्कोत छापलं गेलं. आपला तो यात्रेकरू पिशवीत बायबलबरोबर पुढे जे दुसरं पुस्तक ठेवतो ना, ते हेच.

ऑप्तिनाच्या दारात

पैसीच्या शिष्यांचे शिष्य पसरत पसरत मॉस्कोच्या नैर्ऋत्येला ऑप्तिना नावाच्या मठात पोचले. आणि तिथे एक गंमत झाली. जंगलातला मठ आणि शहरातले बुद्धिवादी यांची गाठ पडली.

त्यातला एक इव्हान किरेयेव्हस्की. जर्मन तत्त्वज्ञानाने भारावलेला तरुण. लग्नानंतर तो बायकोला शेलिंग या जर्मन तत्त्ववेत्त्याचं पुस्तक उत्साहाने वाचून दाखवायचा. बायको नताल्या शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, हे विचार मला माहीत आहेत. कुठून? तर जुन्या साधूंच्या पुस्तकांतून! किरेयेव्हस्कीने ती पुस्तकं वाचली आणि त्याचा रस्ताच बदलला. पुढे ऑप्तिनाच्या साधूंबरोबर बसून त्याने त्या जुन्या ग्रंथांची छपाई केली. आज त्याची समाधीही ऑप्तिनातच आहे. रशियन तत्त्वज्ञानाचा इतिहास सांगताना नवऱ्याचं नाव येतं. पण वळण दिलं ते बायकोने, हे विसरू नका.

आता १८७८ चा उन्हाळा. ऑप्तिनाला दोन पाहुणे आले. एक ५६ वर्षांचा, थकलेला, दुःखाने पिचलेला. दुसरा पंचविशीचा, लांब केसांचा, तेजस्वी डोळ्यांचा. पहिला फ्योदोर दस्तयेवस्की. दुसरा व्लादिमीर सोलोव्यॉव्ह.

दस्तयेवस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा त्याच वर्षी मे महिन्यात गेला होता. तीन वर्षांचाही नव्हता. मिरगीचा झटका आला आणि गेला. मिरगीचा आजार दस्तयेवस्कीला स्वतःला होता. म्हणजे मुलगा गेला तो आपल्याकडून आलेल्या आजाराने, हे त्या बापाच्या मनात काय करत असेल, विचार करा. बायको आन्नाने सोलोव्यॉव्हला गळ घातली, यांना ऑप्तिनाला घेऊन जा.

तिथे ते आम्ब्रोसी नावाच्या वृद्ध साधूंना भेटले. अशा साधूला रशियनमध्ये ‘स्तारेत्स’ म्हणतात, म्हणजे वडीलधारा. आम्ब्रोसी बराच काळ आजारी असत, खाटेवर पडून लोकांना भेटत. गरीब शेतकरी बायका, व्यापारी, लेखक, सगळे एकाच रांगेत. दस्तयेवस्की परत आला आणि ‘करामाझोव्ह बंधू’ लिहायला बसला. त्यातले झोसिमा स्तारेत्स आठवतात? आणि मूल गेलेली ती बाई, जी त्यांच्या पायाशी येऊन रडते? त्या प्रसंगात ऑप्तिनाची ती भेट आहे, असं आन्नानेच लिहून ठेवलंय. आणि कादंबरीतल्या सगळ्यात लाडक्या भावाचं नाव काय? अल्योशा.

बघा, गूढवाद म्हटलं की आपल्याला धूर, मंत्र, चमत्कार आठवतात. इथे काय आहे? एक आजारी म्हातारा माणूस, जो समोरच्याचं दुःख पूर्ण ऐकून घेतो. बस.

टोपी घालून वाळवंटात

आता त्या पंचविशीतल्या तरुणाकडे येऊ. सोलोव्यॉव्ह म्हणजे रशियन गूढ तत्त्वज्ञानाचा खरा पाया घालणारा माणूस. आणि त्याची गोष्ट जरा विचित्र आहे.

तो सांगतो, मला तीनदा दर्शन झालं. पहिलं नऊ वर्षांचा असताना, मॉस्कोच्या चर्चमध्ये. दुसरं १८७५ मध्ये लंडनला, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. हो, वाचनालयात, पुस्तकं वाचत असताना! कुणाचं दर्शन? ‘सोफिया’चं. सोफिया म्हणजे देवाची प्रज्ञा, स्त्रीरूपात. तिने सांगितलं, इजिप्तला ये. हा उठला आणि गेला. शहरी कोट आणि उंच काळी टोपी घालून कैरोबाहेरच्या वाळवंटात एकटाच चालत निघाला. बदाउनी टोळीवाल्यांना हा सैतान वाटला. त्यांनी पकडलं, नंतर सोडून दिलं. रात्र वाळूत काढली. आणि पहाटे, तो म्हणतो, तिसरं दर्शन झालं. सगळं जग एकाच वेळी, एकाच सुंदर रूपात.

यावर हसू येऊ शकतं. खुद्द सोलोव्यॉव्हही हसायचा. या तीन भेटींवर त्याने १८९८ मध्ये जी कविता लिहिली ती अर्धी विनोदीच आहे. पण त्या अनुभवातून त्याने एक मोठा विचार उभा केला, सर्वैक्याचा. जग तुटक तुकड्यांचं नाही, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणून विज्ञान, धर्म आणि तत्त्वज्ञान यांना एकमेकांपासून तोडून सत्य सापडणार नाही.

ठीक आहे. विचार सुंदर आहे. पण आपला खिशातला प्रश्न काढा. हे खरं की खोटं, ओळखायचं कसं?

मार्च १८८१. क्रांतिकारकांनी बॉम्ब टाकून झार दुसरा अलेक्झांडर याचा खून केला. सगळा देश हादरलेला. सहा जणांना फाशी ठोठावली जाणार किंवा ठोठावली गेली, असे ते दिवस. आणि सेंट पीटर्सबर्गच्या भरल्या सभागृहात सोलोव्यॉव्ह भाषणाला उभा राहिला. त्याने खुनाचं समर्थन केलं नाही. क्रांतिकारकांचा मार्ग त्याला मान्यच नव्हता. पण तो म्हणाला, नव्या झारने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना माफ करावं. झार स्वतःला ख्रिस्ताचा भक्त म्हणवतो ना? मग त्याला दुसरं काही करता येणार नाही.

कल्पना करा, त्या वातावरणात हे बोलणं म्हणजे काय.

झारने माफ केलं नाही. पाच जणांना फाशी झाली. सोलोव्यॉव्हच्या जाहीर भाषणांवर काही काळ बंदी आली. त्याच वर्षी त्याने सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. प्राध्यापकीचा रस्ता बंद झाला आणि पुढचं आयुष्य मित्रांच्या घरी, हॉटेलांत, लेखनाच्या पैशांवर गेलं. नंतरच्या वर्षांत त्याने रशियन राष्ट्रवादाच्या घमेंडीवर कडक टीका केली, ज्यूंवरच्या छळाविरुद्ध लिहिलं. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तो म्हणतो, माणसाची नीती तीन भावनांवर उभी असते : लाज, दया आणि आदर. आपल्यापेक्षा खालच्या वासनांची लाज, आपल्यासारख्या जीवांबद्दल दया, आपल्यापेक्षा थोर असलेल्याबद्दल आदर.

वाळवंटात त्याला खरंच काय दिसलं, मला सांगता येणार नाही. पण १८८१ च्या सभागृहात काय घडलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

मेलेल्यांनाही परत आणू

याच काळात मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव्ह म्युझियमच्या ग्रंथालयात एक ग्रंथपाल होता. निकोलाय फेदोरोव्ह. पगार गरिबांना वाटायचा, स्वतः पेटाऱ्यावर झोपायचा, चहापावावर जगायचा. त्याची कल्पना ऐका. मानवजातीचं एकच खरं काम आहे, मृत्यूला हरवणं. आणि तेवढंच नाही, विज्ञानाच्या जोरावर आजवर मेलेल्या सगळ्या पूर्वजांना पुन्हा जिवंत करणं. मुलं बापांच्या मढ्यांवर पाय ठेवून सुखात जगतात, हे त्याला सहन होत नव्हतं. मग एवढे लोक राहणार कुठे? दुसऱ्या ग्रहांवर!

फेदोरोव्ह काम करायचा त्या ग्रंथालयात एक कमी ऐकू येणारा गरीब पोरगा येऊन बसायचा. फेदोरोव्ह त्याला पुस्तकं काढून द्यायचा. त्या पोराचं नाव कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की. रॉकेटचं मूळ समीकरण मांडणारा त्याचा निबंध १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग बघा, फेदोरोव्ह त्याच वर्षी वारला. त्याचं लेखन मित्रांनी नंतर मध्य आशियातल्या व्हेर्नी गावात छापलं, आजचं अल्माटी. फक्त ४८० प्रती, आणि त्याही विकायला नाहीत, कारण फेदोरोव्हला विचार विकणं मान्य नव्हतं. आज सिलिकॉन व्हॅलीतले लोक म्हातारपण थांबवायच्या गप्पा मारतात तेव्हा या पेटाऱ्यावर झोपणाऱ्या माणसाची आठवण निघते. फरक एकच. तिथे मी मरू नये असं चाललेलं असतं. फेदोरोव्हला काळजी होती ती आधीच मेलेल्यांची.

नाव म्हणजे देव का?

आता परत नावाकडे. १९०७ मध्ये इलारिओन नावाच्या साधूने कॉकेशसच्या डोंगरांतल्या साधनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं, की देवाच्या नावात देव स्वतः हजर असतो. अ‍ॅथोसवरच्या रशियन साधूंमध्ये यावरून दोन तट पडले. एक म्हणे, नाव म्हणजे नुसता आवाज, खूण. दुसरा म्हणे, नाव खरं नसेल तर आम्ही आयुष्यभर काय जपत बसलो? या दुसऱ्या बाजूचा पुढारी होता अंतोनी बुलातोविच, आधी घोडदळातला अधिकारी, इथिओपिया पालथी घातलेला प्रवासी, मग साधू.

१९१३ मध्ये रशियन चर्चने नावपूजकांना पाखंडी ठरवलं. आणि पुढे काय झालं? झारचं आरमार अ‍ॅथोसला आलं. मठात घुसून सैनिकांनी प्रार्थना करणाऱ्या साधूंवर पाण्याचे जोरदार फवारे मारले आणि ८०० हून जास्त साधूंना जहाजांत भरून ओदेसाला नेलं. देवाचं नाव आणि देव यांतल्या नात्यावरून! नील सोर्स्कीची माणसं चारशे वर्षांपूर्वी जे नको म्हणत होती, तेच.

पण कल्पना मेली नाही. मॉस्कोतल्या काही गणितज्ञांनी ती जवळ केली. दिमित्री येगोरोव्ह आणि त्याचा विद्यार्थी निकोलाय लुझिन. हे दोघे अनंत संचांवर काम करत होते. अनंत असं मोठं काही दाखवता येत नाही, फक्त त्याला नाव देता येतं, व्याख्या देता येते. मग ते ‘आहे’ असं म्हणायचं का? लुझिनच्या टिपणांत नाव देण्याबद्दलचा हा विचार पुन्हा पुन्हा येतो. इतिहासकार लॉरेन ग्रॅहम आणि गणितज्ञ जाँ-मिशेल कँटोर यांनी २००९ मध्ये एक अख्खं पुस्तक या नात्यावर लिहिलं. हा धागा किती मजबूत, यावर वाद आहेत. पण या गुरुशिष्यांच्या वर्गातून कोल्मोगोरोव्हसारखे गणितज्ञ निघाले, याबद्दल वाद नाही. इंजिनिअरिंगला प्रोबॅबिलिटी शिकलेल्यांनी हे नाव नक्की ऐकलंय.

या दोघांचा मित्र पावेल फ्लोरेन्स्की. मॉस्को विद्यापीठातून गणित शिकला, मग पाद्री झाला. १९१४ चं त्याचं ‘सत्याचा स्तंभ आणि आधार’ हे पुस्तक मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. क्रांतीनंतर त्याने देश सोडला नाही. नव्या सरकारच्या विद्युतीकरणाच्या कामात तो शास्त्रज्ञ म्हणून लागला. आणि ऑफिसला जायचा तो पाद्र्याच्या झग्यात!

१९३३ मध्ये त्याला अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा. सायबेरियात त्याने कायम गोठलेल्या जमिनीचा अभ्यास केला. मग सोलोव्की बेटांवर पाठवलं. सोलोव्की म्हणजे शतकानुशतकांचा जुना मठ, त्याची सरकारने छळछावणी केली होती. तिथे त्याने समुद्रातल्या शेवाळातून आयोडीन काढायच्या पद्धतीवर काम केलं आणि घरी पत्रं लिहिली. मुलांना वनस्पतींबद्दल, संगीताबद्दल, अभ्यासाबद्दल सांगणारी. ८ डिसेंबर १९३७ ला लेनिनग्राडजवळ त्याला गोळी घातली. येगोरोव्ह त्याआधीच, १९३१ मध्ये, अटकेनंतर कझानला मेला. तेच कझान, जिथे तो यात्रेकरू छापला गेला होता.

जहाज आणि पॅरिसचं एक घर

बाकीच्यांचं काय झालं? १९२२ मध्ये लेनिनच्या सरकारने अनेक विचारवंतांना मोजक्या कपड्यांनिशी जर्मन जहाजांवर चढवलं आणि देशाबाहेर काढलं. निकोलाय बेर्द्यायेव्ह, सेम्यॉन फ्रांक, निकोलाय लोस्की, इव्हान इल्यिन. इतिहासात याला ‘तत्त्वज्ञांचं जहाज’ म्हणतात. सर्गेई बुल्गाकोव्हला त्याच वर्षाच्या अखेरीस वेगळ्या वाटेने हाकललं. यातले बरेच जण पॅरिसला जमले आणि तिथून हा विचार युरोपभर गेला.

याच वर्तुळातली एक बाई मला आज तुम्हाला भेटवायची आहे. मारिया स्कोब्त्सोव्हा. तरुणपणी कवयित्री, दोनदा लग्न, दोनदा घटस्फोट, एक लहान मुलगी आजाराने गेलेली. १९३२ मध्ये ती पॅरिसमध्ये जोगीण झाली. पण मठात गेली नाही. लूर्मेल रस्त्यावर घर घेतलं आणि बेघर, बेकार, आजारी रशियन निर्वासितांना तिथे जेवू घालायला लागली. पहाटे बाजारात जाऊन उरलेली भाजी, मासे गोळा करायची. सिगरेट ओढायची. प्रार्थनेला कधी कधी उशिरा यायची. काही धार्मिक लोकांना ते अजिबात आवडायचं नाही. बेर्द्यायेव्ह आणि बुल्गाकोव्ह मात्र तिच्यासोबत होते.

मग जर्मन आले. ज्यू लोक तिच्या दारात यायला लागले. तिच्या घरच्या चर्चचे पाद्री दिमित्री क्लेपिनिन ज्यूंना बाप्तिस्म्याचे खोटे दाखले देत. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधल्या हजारो ज्यूंना सायकल शर्यतीच्या स्टेडियममध्ये कोंडलं, तेव्हा ती जोगिणीच्या कपड्याच्या जोरावर आत शिरली आणि जेवण पोचवलं. कचरा उचलणाऱ्यांच्या मदतीने काही मुलांना तिने बाहेर काढलं, असंही सांगितलं जातं. १९४३ मध्ये तिला, तिच्या मुलाला आणि क्लेपिनिन यांना पकडलं. तिघंही छावण्यांमध्ये मेले. ती राव्हेन्सब्र्यूकला, ३१ मार्च १९४५ ला. युद्ध संपायला सव्वा महिना उरला होता.

मग आपण काय घ्यायचं?

आता शेवटची गोष्ट. ती आपल्याच काळातली आहे.

२०१४ च्या सुरुवातीला रशियातल्या प्रांतांच्या गव्हर्नरांना सत्तेच्या वरच्या वर्तुळातून तीन पुस्तकं वाचायला दिली गेली. एक इल्यिनचं, एक बेर्द्यायेव्हचं आणि एक सोलोव्यॉव्हचं, तेच लाज-दया-आदरवालं. काहीच आठवड्यांत क्रायमिया ताब्यात घेतला गेला.

म्हणजे बघा, ज्या माणसाने भरसभेत झारला सांगितलं की शत्रूला माफ कर, त्याचंच पुस्तक सत्ता आपल्या कपाटात सजवते. असं का होऊ शकतं? कारण या परंपरेत तो धोका आहेच. रशियाला देवाने खास काम दिलंय, रशियाचा आत्मा वेगळाच, ही भाषाही याच झाडावर वाढली. दस्तयेवस्कीच्या लेखनात करुणा आहे आणि ती घमेंडही आहे, दोन्ही. ‘मला आत सत्य दिसलं’ या वाक्याला कुणी खोडू शकत नाही, म्हणून ते वाक्य फार घातक ठरू शकतं. साधूच्या तोंडी एक, राजाच्या तोंडी दुसरं.

तर आपल्या खिशातल्या प्रश्नाचं उत्तर, मला तरी या सगळ्या गोष्टींतून असं सापडलं. आतलं दर्शन तपासायला बाहेर एकच माप आहे. त्यानंतर तुमची दया कुणापर्यंत पोचते? आपल्या माणसांपर्यंतच थांबते, की बापाच्या मारेकऱ्यांपर्यंत, परक्या धर्माच्या मुलांपर्यंत जाते? आणि त्याची किंमत कोण मोजतं, तुम्ही की दुसरं कुणी? नील, आम्ब्रोसी, सोलोव्यॉव्ह, मारिया, यांनी ती स्वतः मोजली. अ‍ॅथोसवर पाण्याचे फवारे सोडणाऱ्यांनी ती दुसऱ्यांकडून वसूल केली. देवाचं नाव तर दोघांच्याही तोंडी होतं.

त्या यात्रेकरूची प्रार्थना आठवा. त्यात मागणं एकच आहे, दया. बारा हजार वेळा दया मागणाऱ्या माणसाकडून जगाने काय अपेक्षा करावी? निदान एकदा तरी ती देता यावी.

पुढच्या वेळी लोकलमध्ये शेजारी ते टिक टिक ऐकू आलं, तर हे आठवेल तुम्हाला. आणि तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये ते ॲप असेल, तर आकड्याबरोबर हेही एकदा मोजून बघा.

‘करामाझोव्ह बंधू’ कुणी वाचलं असेल तर झोसिमांचा भाग तुम्हाला कसा वाटला ते नक्की कळवा. आणि या भागातली कुठली गोष्ट पटली नाही, तेही सांगा, त्यावर बोलायला आवडेल. हा भाग एखाद्या अशा मित्राला पाठवा ज्याला वाटतं की तत्त्वज्ञान म्हणजे झोप यायची गोळी.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात.